बुडवलेली वही आणि खोडलेले नाव

‘आपल्या देशात बोलण्याचे स्वातंत्र्य आहे ना? मग मुलाने भाषण कुठून आणले याची चौकशी कशाला?’ वक्तृत्वस्पर्धा किंवा निबंधस्पर्धा संपल्यावर, चहाच्या वेळी, हा प्रश्न आमच्या कानावर पुष्कळदा आला आहे. विचारणारे आईबाप भांडखोर नसतात. आपल्या मुलाने चार मिनिटे न अडखळता मराठी बोलून दाखवले याचा त्यांना अभिमान असतो, आणि तो असायलाच हवा. घरात क्रिओल, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच, अशा या बेटावर पाचव्या-सहाव्या पिढीच्या मुलाने घडाघडा मराठी बोलावे, ही साधी गोष्ट नाही. पण परीक्षकांपैकी कोणीतरी तेच भाषण, शब्दाला शब्द, पूर्वी एखाद्या पुस्तकात वाचलेले असते. बक्षीस दुसऱ्या मुलाला जाते आणि मने दुखावतात.

आता तर पुस्तक उघडण्याचेही कष्ट उरलेले नाहीत. फोनवर बोट फिरवले की शिवजयंतीचे भाषण तयार मिळते, आणि यंत्राला सांगितले तर ते नवेही लिहून देते. त्यामुळे हा वाद पुन्हा पुन्हा उठणार हे उघड आहे. बोलण्याचे स्वातंत्र्य आणि दुसऱ्याचे बोलणे आपले म्हणून खपवणे, या दोन्ही गोष्टी शब्दांशी निगडित आहेत, म्हणून त्यांची गल्लत होते. ती सोडवायला आम्हांला न्यायालयापेक्षा देहू गाव जवळचे वाटते. कारण या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या, आणि तो माणूस आपल्या घराघरांतल्या भजनात आहे.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. वाघोलीचे रामेश्वरभट्ट हे विद्वान ब्राह्मण. देहूचा एक वाणी, शूद्र म्हणवला जाणारा, वेदांचा अर्थ मराठीत सांगतो आणि लोक त्याच्या पाया पडतात, हे त्यांना सहन झाले नाही. अभंग करणे थांबव आणि केलेले बुडव, असा हुकूम झाला. तुकोबांनी वह्यांना दगड बांधून त्या नदीत सोडल्या आणि काठावरच्या शिळेवर ते तेरा दिवस अन्नपाण्याविना बसून राहिले. मग वह्या कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. अभ्यासक या कथेचा असाही अर्थ लावतात की कागद बुडाला तरी अभंग लोकांना तोंडपाठ होते, त्यामुळे ते बुडू शकले नाहीत. श्रद्धेने घ्या वा तर्काने, घडले ते एवढेच की बोलणाऱ्याचे तोंड बंद करायला निघालेली सत्ता हरली.

बोलण्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न तो हा. इथे हे अभंग तुकोबांचे आहेत की नाहीत याबद्दल कोणाला शंकाच नव्हती. रामेश्वरभट्टांना ते तुकोबांचे आहेत हे पक्के ठाऊक होते, आणि ते तुकोबांचे आहेत हाच तर त्यांच्या लेखी गुन्हा होता. हाच अर्थ एखाद्या पंडिताने संस्कृतात सांगितला असता तर नदीपर्यंत जाण्याची वेळ आली नसती.

आता दुसरी गोष्ट. ती तितकी गाजलेली नाही, पण आमच्या मते तुकोबांना ती कमी झोंबली नव्हती. गाथेत काही अभंग सालोमालो नावाच्या माणसाबद्दल आहेत. हा स्वतःला हरीचा दास म्हणवी, कीर्तने करी, आणि दुसऱ्यांची वचने आपली म्हणून लोकांना ऐकवी. तुकोबांची तक्रार नीट वाचली तर तिच्यात एक बारकावा दिसतो. ‘माझे चोरले’ एवढ्यावर ते थांबत नाहीत. संतांची वचने मोडून त्यांतून हा स्वतःसाठी दागिने घडवतो, असा त्यांचा आक्षेप आहे. सोनाराच्या दुकानात चोरीचा दागिना आला की आधी तो वितळवला जातो, म्हणजे मूळ मालकाला ओळखता येऊ नये. सालोमालोचे काम तसलेच होते.

या दोन प्रसंगांतला फरक पाहावा. रामेश्वरभट्टांनी नाव राहू दिले आणि शब्द बुडवायला सांगितले. सालोमालोने शब्द राहू दिले आणि नाव बुडवले. पहिल्याला अभंगांचा राग होता, दुसऱ्याला त्यांचा लोभ होता.

आणि दोन्हींवरचा उपायही एक नाही. वही बुडवणाऱ्यावर उपाय होता तो शेकडो तोंडांचा. गावोगावचे लोक गात राहिले म्हणून नदी हरली. पण सालोमालोपुढे हीच शेकडो तोंडे निरुपयोगी ठरतात. अभंग त्याच्या नावाने एकदा गावात पसरला की तो गाणारा प्रत्येक भाबडा माणूस, मनात काही पाप नसताना, चोरीला हातभार लावत जातो. जितके जास्त गावे तितके खरे नाव खोल बुडते. म्हणून ‘बोलू द्या, सगळ्यांना बोलू द्या’ ही घोषणा पहिल्या दुखण्यावर औषध आहे, दुसऱ्यावर नाही. दुसऱ्यावर औषध आहे ते नाव जपण्याचे. तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी चाकणचे संताजी जगनाडे तेली अभंग लिहून ठेवत. त्यांच्या वह्यांचे मोल यासाठीही मोठे आहे.

प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा १९३६ सालचा बोलपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना सालोमालो लगेच आठवेल. दामले आणि फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखालचा, विष्णुपंत पागनीस तुकोबा झालेला हा बोलपट १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवला गेला. त्यातला सालोमालो आधी तुकोबांचे अभंग आपले म्हणून गातो, आणि ते पचत नाही असे दिसल्यावर रामेश्वरशास्त्र्यांकडे जाऊन तुकोबांविरुद्ध कान भरतो. पटकथाकाराने दोन कथा एकत्र गुंफल्या, पण माणसाचा स्वभाव बरोबर पकडला आहे. ज्याने दुसऱ्याचे शब्द आपले म्हटले त्याला मूळ बोलणारा गप्प झालेलाच बरा वाटतो.

या बोलपटाची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्यात बीज, रोप आणि वृक्ष यांचा दृष्टान्त असलेले एक अवीट गोड पद आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते तुकोबांचा अभंग म्हणून पाठ केलेले असेल. ते तुकोबांचे नव्हे; बोलपटाचे गीतकार शांताराम आठवले यांनी ते त्या चित्रपटासाठी रचले, आणि चाल दिली केशवराव भोळ्यांनी. पद इतके तुकोबांच्या वळणाचे उतरले की लोक ते गाथेत शोधू लागले. खरे तर त्यात ‘तुका म्हणे’ नाही, तेवढे पाहिले असते तरी पुरे होते. आठवल्यांनी काही चोरले का? मुळीच नाही. त्यांनी वळण घेतले, शब्द स्वतःचे घातले आणि गीतकार म्हणून आपले नाव उघड लावले. त्यांच्यावर अन्याय झाला तो आपल्याकडून, श्रोत्यांकडून, आणि तोही भक्तीपोटी. हल्ली फोनवरून पु. ल. देशपांडे किंवा कुसुमाग्रज यांच्या नावावर ज्या कविता फिरतात आणि ज्या त्यांनी कधी लिहिल्याच नाहीत, त्यांचा प्रकार याच जातीचा. सालोमालो दुसऱ्याच्या शब्दाला आपले नाव लावतो. हे लोक कुणा अनोळखी माणसाच्या शब्दाला मोठ्याचे नाव लावतात. मोठ्याचा मान वाढावा अशी इच्छा असते, पण लिहिणारा बिचारा तसाच बुडतो.

गाथांतही हे झालेले आहे. सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा या कवीच्या रचना संत नामदेवांच्या रचनांत इतक्या मिसळल्या की त्या वेगळ्या काढण्यात अभ्यासकांचे आयुष्य गेले. नामदेवांच्या बाबतीत मात्र पंजाबात फार चांगली खबरदारी घेतली गेली. गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि ती नामदेवांच्या नावाखालीच आहेत. कबीर आणि रविदास यांची त्यांच्या त्यांच्या नावाखाली. शीख गुरूंचा प्रश्न अवघड होता, कारण पहिल्या गुरूंच्या मागून आलेलेही आपल्या रचनेच्या शेवटी ‘नानक’ हीच मुद्रा घालत. म्हणून प्रत्येक रचनेवर ‘महला १’, ‘महला ३’, ‘महला ५’ असे लिहिले गेले: कितव्या गुरूंची रचना ते कळावे म्हणून. सगळे एकाच ज्योतीचे, असे मानणाऱ्या परंपरेनेही हिशेब इतका चोख ठेवला, हे आम्हांला फार शिकण्यासारखे वाटते.

इथे कोणी जाणता वाचक विचारील की तुकोबाच म्हणतात, बोलणारा मी नव्हे, माझ्या मुखाने विठ्ठल बोलतो. शब्द देवाचे असतील तर चोरी कोणाची झाली? प्रश्न खरा आहे. पण श्रेय देवाला देणारे तुकोबा अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ घालायला विसरत नाहीत. ही बढाई नाही. बोललेल्या शब्दाचा जाब कोणाला विचारायचा ते सांगणारी ती सही आहे. रामेश्वरभट्टांना तुकोबाच नेमके सापडले ते याच सहीमुळे. आणि आपल्याला मिळालेले ऋणही ते लपवत नाहीत. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्व करण्यास सांगितले, नामदेवांचा अपुरा राहिलेला संकल्प आपल्याकडे आला, हे त्यांनी स्वतः अभंगांत सांगून ठेवले आहे. कवित्वाची प्रेरणाही कोणाकडून मिळाली ते सांगणारा माणूस, आणि अख्खा अभंग उचलून नाव गिळणारा माणूस, यांना एका मापाने कसे मोजणार?

जबाबदारीची गोष्ट निघाली म्हणून लोकमान्यांची आठवण होते. १९०८ साली ‘केसरी’तल्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्या काळी असे लेख निनावी छापले जात. संपादक म्हणून टिळकांनी त्यांची जबाबदारी शिरावर घेतली आणि सहा वर्षांची शिक्षा मंडालेच्या तुरुंगात भोगली. स्वतंत्रपणे बोलण्याची किंमत ही अशी असते. ज्या लेखावर तुरुंग मिळतो तो ‘माझा आहे’ म्हणत कोणी उचल्या पुढे आलेला आम्ही ऐकला नाही. उचलेगिरी नेहमी टाळ्या मिळणाऱ्या मजकुराची होते.

आपल्या देशाच्या १९६८ च्या घटनेतले १२ वे कलम आपल्याला मत बाळगण्याचे, विचार आणि माहिती देण्याघेण्याचे स्वातंत्र्य देते. त्याच कलमात इतरांची अब्रू आणि हक्क राखण्यासाठी मर्यादाही सांगितल्या आहेत. भारताच्या घटनेत हेच काम १९ वे कलम करते. हे सारे माणसाला सरकारच्या दडपणापासून वाचवण्यासाठी आहे. परीक्षकाने ‘हे भाषण तुझे नाही’ म्हटले तर त्याने कोणाचे तोंड दाबले असे होत नाही. तेच भाषण मुलाने मूळ वक्त्याचे नाव सांगून म्हणावे, त्याला कोण अडवतो?

कॉपीराइट ही पुन्हा तिसरी गोष्ट. तिच्यात पैशाचा हिशेब आहे आणि मुदतही आहे. भारताच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे ती आज लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालते. तुकोबांच्या अभंगांवर कोणाचा कॉपीराइट नाही; उद्या कोणीही गाथा छापून विकावी. पण मुखपृष्ठावर स्वतःचे नाव कवी म्हणून घातले तर कायद्याने दंड होवो न होवो, लोक त्याला सालोमालोच म्हणतील. कायद्यातही हा फरक आहे. भारताच्या त्याच कायद्यात ५७ वे कलम असे आहे की लेखकाने सारे हक्क विकून टाकले तरी ‘हे मी लिहिले’ असे सांगण्याचा त्याचा अधिकार विकला जात नाही. घर विकले तरी बाप बदलत नाही, तसेच हे.

हे सगळे एकाच पुस्तकात पाहायचे असेल तर गांधीजींचे ‘हिंद स्वराज’ पाहावे. १९०१ साली आपल्या बेटावर थोडे दिवस उतरलेले हेच गांधी, १९०९ च्या नोव्हेंबरात इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर हे पुस्तक गुजरातीत लिहून मोकळे झाले. १९१० च्या मार्च महिन्यात मुंबई सरकारने त्याच्यावर बंदी घातली. गांधींनी लगेच त्याचे इंग्रजी भाषांतर स्वतः करून छापले, आणि त्यावर ‘कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत’ अशा अर्थाची ओळ घातली. म्हणजे ज्याला हवे त्याने छापावे, वाटावे. बंदीला त्यांचे उत्तर देहूच्या लोकांसारखेच होते, जितकी तोंडे तितकी बरी. पण त्याच पुस्तकाच्या शेवटी त्यांनी टॉलस्टॉय, थोरो, रस्किन, दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त अशांच्या ग्रंथांची यादीही जोडली. ज्यांच्याकडून घेतले त्यांची नावे मांडली. स्वतःचा हक्क सोडला, दुसऱ्याचे देणे सोडले नाही.

मग घ्यायचे तरी किती आणि कसे? आमच्या परंपरेत याचे उत्तर कीर्तनकाराने कधीच देऊन ठेवले आहे. तो एक अभंग घेतो, कोणाचा ते त्यातल्या मुद्रेनेच सांगतो, आणि मग तासभर स्वतःच्या बुद्धीने त्यावर बोलतो. दाखल्यासाठी ज्ञानेश्वरीतली ओवी येते, तीही ज्ञानोबांच्या नावाने येते. ऐकणाऱ्याला कुठे उसने संपले आणि कुठे घरचे सुरू झाले ते कळते. शाहिरांत तर गाणाऱ्यालाही वाटा मिळे. लावण्या रचणारा होनाजी, त्या गाणारा बाळा, आणि लोकांच्या तोंडी नाव बसले ते ‘होनाजी बाळा’ असे जोडीने. भाषांतर करणाऱ्यानेही असेच वागावे. दिलीप चित्र्यांनी तुकोबांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर १९९१ साली प्रसिद्ध केले, त्याचे नावच त्यांनी ‘सेज तुका’ ठेवले. ज्या दोन शब्दांत तुकोबांची सही होती तेच मुखपृष्ठावर आले, आणि भाषांतरकार म्हणून चित्र्यांचे नाव त्याखाली.

जात्यावरच्या ओव्या, झाकरीची गाणी, लग्नातली गाणी यांना कर्त्याचे नाव नाही. ती सर्वांची आहेत. ती गाण्यात, बदलण्यात, वाढवण्यात काहीच गैर नाही. फक्त एखाद्याने असे गाणे ध्वनिमुद्रित करून खाली ‘गीतकार’ म्हणून आपले नाव घातले, की सर्वांचे होते ते एकाचे झाले. असे होऊ नये म्हणून ‘पारंपरिक’ हा एक शब्द पुरतो.

नावाबद्दल आम्ही इतके हळवे का, असे कोणी विचारले तर त्याला कारण आहे. रत्नागिरीकडून, कोकणातल्या गावांतून आपले पूर्वज मुंबई बंदरातून या बेटावर मजुरीला आले, तेव्हा पोर्ट लुईच्या धक्क्यावर त्यांना एकेक क्रमांक मिळाला. नाव कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले गेले. ती नोंदणीची पुस्तके आज मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. आपल्या आजाचे नाव त्यांत शोधायला गेलेल्यांना ठाऊक आहे, एखादे अक्षर इकडचे तिकडे झाल्यामुळे एक अख्खे घराणे सापडेनासे होते. त्या लोकांजवळ पुस्तके फारशी नव्हती. त्यांनी अभंग आणले ते तोंडातून, आणि स्वतःच्या नावाची मोडतोड झाली तरी ‘तुका म्हणे’ आणि ‘नामा म्हणे’ न मोडता आपल्यापर्यंत पोचवले. त्यांच्या पणतवंडाने दुसऱ्याचे नाव खोडून स्वतःचे घालावे, हे आम्हांला म्हणूनच जास्त लागते.

रामेश्वरभट्टांचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. ते तुकोबांचे भक्त झाले. तुकोबांची जी आरती आपण म्हणतो ती त्यांचीच. पुढच्या वेळी म्हणताना शेवटचे कडवे लक्ष देऊन ऐकावे. त्यात रामेश्वरांनी स्वतःचे नाव घातले आहे. एके काळी दुसऱ्याचे शब्द बुडवायला निघालेला माणूस आपल्या शब्दांखाली सही करून उभा आहे. सालोमालोचे मात्र एकही पद आपल्या भजनात नाही.

या पानासाठी लिखाण पाठवणाऱ्यांना एक विनंती. मुलांनी निबंध कुठून घेतला असेल तर खाली एका ओळीत तसे लिहावे. त्यामुळे तो छापायचा राहणार नाही. यंत्राची मदत घेतली असेल तर तेही लिहावे. जुने गाणे पाठवायचे असेल आणि कर्ता माहीत नसेल, तर ज्या आजीच्या तोंडून ऐकले तिचे नाव आणि गाव द्यावे. तिचे नाव सरकारी कागदांवर एक आणि घरात दुसरे असेल, तर दोन्ही द्यावीत.